नाव कोणापुरते? : प्रस्तावना

मानवतच्या मोंढ्यात कापसाची गाडी रिकामी करून झाल्यावर एखादा शेतकरी सोबत्याला ‘सेलूला जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या दोघांच्या मनात परभणी-मनमाड लोहमार्गावरचे, केशवराज बाबासाहेबांच्या मंदिराचे आमचे सेलू, याखेरीज दुसरे काही येत नाही; आणि नेमके तेच वाक्य वर्ध्याच्या बाजारात कोणी उच्चारले, तर नागपूरच्या वाटेवरचे, तालुक्याचेच पण कित्येक मजल दूर असलेले दुसरे सेलू ऐकणाराच्या डोळ्यांसमोर उभे राहते. दोघेही बोलणारे खरे बोलतात, दोघेही ऐकणारे अचूक समजतात. घोटाळा होतो तो पत्र तिसऱ्याच मुलुखातून टाकले आणि त्यावर ‘जि. परभणी’ लिहावयाचे राहून गेले म्हणजे. कारण तेथे बोलणाराची बैठक हरवलेली असते आणि उघडे नाव तेवढे शिल्लक उरते. जमिनीच्या दप्तरातही हाच प्रकार आहे. गट क्रमांक बारा हा गावोगावी आहे, आणि कोणत्या गावचा हे ठाऊक असल्याशिवाय त्या बाराला काही मोल नाही.

संगणकाच्या पडद्यावर ‘सी’, ‘डी’, ‘झेड’ अशी जी अक्षरे आपण रोज पाहतो, किंवा प्रिंटर, कॅमेरा, ध्वनिग्राहक यांची जी नावे यादीत दिसतात, ती बहुतेकांस त्या त्या वस्तूचे अंगभूत नावच वाटतात. जणू तबकडीच्या पाठीवर कोणी ‘झेड’ असे कोरून ठेवले आहे. वस्तुस्थिती अशी की ते अक्षर हे वापरकर्ता आणि साधन यांच्यामधल्या एका नोंदीचे फळ असते. ती नोंद कार्यकारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्या वहीत ठेवते, आणि ती वही प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असू शकते. एकाच यंत्रावर, एकाच क्षणी, माझा झेड एका कपाटाकडे बोट दाखवीत असेल आणि तुमचा झेड दुसऱ्याच. किंवा तुम्हांस झेड मुळी नसेलच. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो हा : ज्याच्या त्याच्या खात्यापुरती ड्राइव्हची आणि उपकरणांची जोडणी.

हा विषय मला पुस्तकातून भेटला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका लहानशा पतसंस्थेचे संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. दिवसभराच्या व्यवहाराची नक्कल रात्री मागच्या खोलीतील यंत्रावर जावी, अशी व्यवस्था मी करून दिली. कारकुनाच्या खात्यात ते दूरचे फोल्डर ‘झेड’ या नावाने जोडलेले होते. मी चार ओळींची आज्ञावली लिहिली, भरदिवसा त्याच्याच खुर्चीवर बसून ती चालवून पाहिली, नक्कल डोळ्यांदेखत झेडवर उतरली, आणि समाधानाने ती आज्ञावली रात्री अकराच्या वेळापत्रकास लावून मी घरी गेलो. पाच महिन्यांनी मुख्य यंत्राची तबकडी बसली. मागच्या खोलीत पाहतो तो त्या फोल्डरात एकच नक्कल होती. मी त्या दिवशी दुपारी करून दाखविलेली. रात्रीचे काम कारकुनाच्या नावे चालत नव्हते, ते यंत्राच्या स्वतःच्या खात्यावर चालत होते, आणि त्या खात्याच्या वहीत झेड नावाची नोंदच नव्हती. दीडशे रात्री ते काम नेमाने उठले, झेडला हाक मारली, उत्तर आले नाही म्हणून निमूट परत निजले. पतसंस्थेच्या लोकांनी पुढचे तीन आठवडे कागदी किर्द समोर ठेवून पाच महिन्यांचा व्यवहार पुन्हा बोटांनी भरला. ती माणसे मला एका शब्दानेही बोलली नाहीत, आणि ते मौन मी विसरलेलो नाही. मागाहून त्या कामास स्वतंत्र खाते दिले, त्या खात्यास पलीकडच्या यंत्रावर परवानगी दिली, आणि झेड हे अक्षर खोडून तेथे यंत्राच्या नावासह संपूर्ण पत्ता लिहिला. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मात्र ती का करावयाची, हे समजावून घेण्यासाठी मला या शास्त्राच्या साठ वर्षांच्या इतिहासात मागे जावे लागले, आणि तो इतिहास मराठीत कोठे सलग मांडलेला सापडला नाही.

आरंभ आयबीएमच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात, १९६० नंतरच्या दशकात होतो. यंत्र एक, ते खोलीभर मोठे आणि अतोनात महाग, आणि त्यापुढे माणसे अनेक. तेथील मंडळींनी जो मार्ग काढला तो आजही मन थक्क करणारा आहे : प्रत्येक माणसास आपल्यापुरते एक संपूर्ण यंत्रच आहे असा भास निर्माण करावयाचा. १९६७ साली चालू झालेल्या सीपी-४० या प्रणालीत, तिच्या पाठोपाठ आलेल्या सीपी-६७ मध्ये आणि १९७२ सालच्या व्हीएम-३७० मध्ये ही कल्पना दृढ झाली. दप्तरात प्रत्येक खातेदाराच्या नावे एक फर्द असे. त्याची कन्सोल कोणत्या क्रमांकावर, कार्डवाचक कोणता, प्रिंटर कोणता, आणि तबकडीचा कोणता तुकडा त्याचा. एकशे एक्याण्णव हा क्रमांक रूढीने ज्याच्या त्याच्या घरच्या तबकडीचा. शंभर माणसे एकाच वेळी एकशे एक्याण्णव म्हणत, आणि शंभरांस शंभर वेगळे तुकडे मिळत. दुसऱ्याचा तुकडा पाहण्याची सनद असेल, तर ‘लिंक’ या आज्ञेने तो आपल्या क्रमांकाखाली जोडून घेता येई. आजच्या भाषेत ज्याला खातेनिहाय उपकरणजोडणी म्हणतात ती अशी आरंभीच, आणि जवळजवळ निर्दोष रूपात, जन्मास आली होती. पुढच्या पिढ्यांनी ती पुष्कळशी विसरून पुन्हा शोधून काढली.

बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने याच्या अगदी उलट दिशा धरली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या रचनेत सर्वांस मिळून एकच झाड : मुळाशी एक तिरकी रेघ, तिच्यापासून फांद्या, आणि नवी तबकडी आली की ती कोणत्या तरी फांदीवर कलम करावयाची. उपकरणेसुद्धा याच झाडावर फायलींच्या रूपाने बसविलेली. येथे नाव सर्वांस सारखेच दिसते. भेद काय तो परवानगीचा. तुम्हांस दार दिसेल, पण उघडणार नाही. या संप्रदायाची थोरवी त्याच्या साधेपणात आहे, आणि तबकड्या कलम करण्याचा अधिकार एकट्या मूळ प्रशासकाकडे राहिला ही त्याची मर्यादाही त्या साधेपणातूनच आली. गावचा नकाशा एकच, आणि तो फक्त तहसील कचेरीत बदलायचा, असा तो कारभार.

अक्षरांचा संप्रदाय तिसरा. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी रचलेल्या सीपी-एम मध्ये फ्लॉपीच्या खाचांना ए, बी अशी नावे होती; १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉसने तीच रीत उचलली; आणि १९८३ च्या एक्सटी यंत्रात ए आणि बी या दोन्ही जागा फ्लॉपीसाठी राखून झाल्यावर कठीण तबकडीच्या वाट्यास सी हे अक्षर आले, जे फ्लॉपी नामशेष झाल्यावरही तिला आजवर चिकटून आहे. या यंत्रापुढे एकच माणूस बसणार हे गृहीत होते, म्हणून ‘कोणाचा सी’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला यंत्रे तारेने जोडली गेल्यावर. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरवर ज्यांनी नव्वदीच्या दशकात आपल्याकडील महाविद्यालयांत काम केले, त्यांस ‘मॅप’ ही आज्ञा आणि एफ हे अक्षर आठवत असेल. लॉगिन करताच एक छोटी आज्ञावली धावे आणि त्या माणसाच्या नावाचे फोल्डर त्याच्यापुरते एका अक्षरास बांधून देई. तबकडी नसलेल्या यंत्रांच्या रांगेत कोठेही बसा, आपले सामान आपल्यापुढे हजर. पुष्कळांच्या हातून खातेनिहाय जोडणी प्रथम घडली ती तेथे, तिचे नावही न कळता.

आता ज्या शाखेवर या पुस्तकाचा मोठा भाग खर्ची पडला आहे तिच्याकडे येतो. डिजिटल कंपनीने १९७७ साली व्हॅक्स यंत्राबरोबर व्हीएमएस नावाची प्रणाली आणली. तिच्यात साधनांची खरी नावे अवघड आणि रुक्ष असत, आणि त्यांवर ‘तार्किक नावे’ पांघरता येत. या नावांच्या वह्या एकीखाली एक रचलेल्या होत्या. चालू प्रक्रियेची वही आधी उघडायची, तीत नाव नसेल तर गटाची, तीतही नसेल तर सर्व यंत्राची. पुढे यांत आणखी एका थराची भर पडली. पाटलाच्या वहीत नसेल तर तालुक्यात, तालुक्यात नसेल तर जिल्ह्यात, अशी ती चढण. या प्रणालीचे एक प्रमुख शिल्पकार डेव्ह कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेली विंडोज एनटी १९९३ च्या जुलैत बाजारात आली. तिच्या गाभ्यात ऑब्जेक्ट मॅनेजर नावाचा एक दप्तरदार आहे. वरून डॉसची अक्षरे जशीच्या तशी दिसतात. आत मात्र सी ही निव्वळ एक चिठ्ठी आहे, आणि त्या चिठ्ठीवर खऱ्या उपकरणाचे लांबलचक नाव लिहिलेले आहे.

एनटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत या चिठ्ठ्यांची पेटी सबंध यंत्रास मिळून एकच होती. कोणी एक झेड जोडला की तो सर्वांच्या दृष्टीस पडे. १९९८ मध्ये टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली, एका यंत्रावर दूरदूरची अनेक माणसे एकाच वेळी बसू लागली, आणि तेव्हा बैठकीगणिक वेगळी पेटी ठेवणे भाग पडले. २००१ च्या एक्सपीत घरच्या यंत्रावरही एकाने बाहेर न पडता दुसऱ्याने आत येण्याची सोय झाली, आणि तेथून पुढे प्रत्येक लॉगिनला एक ओळखक्रमांक देऊन त्या क्रमांकाच्या नावे पेटी ठेवण्यात येऊ लागली. आधी खासगी पेटी पाहावयाची, तीत चिठ्ठी नसेल तर सार्वजनिक. येथे वाचकाने एक बारकावा ध्यानात घ्यावा, कारण पुष्कळ अनर्थांचे मूळ त्यात आहे : पेटी माणसाच्या नावे नसते, ती लॉगिनच्या नावे असते. एकच माणूस दोनदा आत आला तर त्याच्या दोन पेट्या. व्हिस्टापासून प्रशासकाच्या एकाच लॉगिनमधून एक सामान्य आणि एक पूर्णाधिकारी अशी दोन ओळखपत्रे निघू लागली, तीही दोन वेगळ्या क्रमांकांची. म्हणून सामान्य खिडकीत दिसणारा झेड ‘प्रशासक म्हणून चालवा’ असे सांगून उघडलेल्या खिडकीत दिसेनासा होतो, आणि माणूस केबल हलवून पाहतो, राउटर बंद-चालू करतो. दोन्ही पेट्यांत सारखीच चिठ्ठी पडावी अशी एक नोंद रजिस्ट्रीत करता येते. तिचे नाव आणि तिचे धोके पुढे सविस्तर आले आहेत.

धोक्यांचा विषय निघाला म्हणून थोडे अधिक सांगतो. खासगी पेटी आधी पाहावयाची या नियमाचा दुसरा अर्थ असा, की सामान्य वापरकर्त्यास सी या नावाचीसुद्धा आपली वेगळी चिठ्ठी लिहिता येते. तो स्वतःपुरते असे काही करीत असेल, तर त्यात कोणाचे काही गेले नाही. पण एखादी अधिकारसंपन्न सेवा त्या वापरकर्त्याचा वेष क्षणभर धारण करून त्याच्या वतीने काम करू लागली, तर त्या क्षणी ती त्याच्याच पेटीतून सी शोधते, आणि सरकारी शिक्क्याचे काम खोट्या पत्त्यावरच्या फायलीवरून होऊन जाते. ही निव्वळ कल्पना नव्हे. तबकडी कुलूपबंद करणाऱ्या ट्रूक्रिप्ट या प्रसिद्ध आज्ञावलीत, ड्राइव्हच्या अक्षराची चिठ्ठी हाताळण्याच्या पद्धतीतून, सामान्य वापरकर्त्यास सर्वाधिकार मिळू शकतील असा दोष २०१५ मध्ये जेम्स फोरशॉ या संशोधकाने दाखवून दिला. नाव कोण सोडवितो, कोणाच्या वहीवरून सोडवितो, आणि कोणाच्या अधिकाराने सोडवितो, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत म्हणजे काय होते याचा तो वस्तुपाठ आहे. मुखत्यारपत्रावर काम करणाऱ्या माणसाने मालकाच्या सांगण्यावरून हद्दीच्या खुणा मानू नयेत, मोजणीच्या नकाशावरूनच मानाव्यात, हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या शिरस्तेदारास ठाऊक होते.

यानंतर ज्या संप्रदायाविषयी मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो. युनिक्स जेथे घडली त्याच बेल प्रयोगशाळेत, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, रॉब पाइक, केन थॉम्प्सन, डेव्ह प्रेसोटो आदी मंडळी पुन्हा पाटी कोरी करून बसली आणि त्यांनी प्लॅन नाइन नावाची प्रणाली रचली; १९९२ मध्ये ती विद्यापीठांस मिळू लागली. तिच्यात सर्वांस मिळून एकच झाड ही युनिक्सची प्रतिज्ञा सोडून दिलेली आहे. प्रत्येक प्रक्रियासमूहाचे स्वतःचे झाड, आणि ते लावण्याचा अधिकार त्या समूहासच. यास नेमस्पेस म्हणतात. या पुस्तकात त्यासाठी नामावकाश हा शब्द योजिला आहे. तेथे पडद्यावरील प्रत्येक खिडकीत धावणाऱ्या आज्ञावलीस तिचा कळफलक आणि तिचा माउस त्याच दोन नावांनी दिसतात, पण त्या नावांमागे बसलेले असते ते त्या खिडकीपुरते साधन. याचा परिणाम फार सुंदर आहे. खिडक्या सांभाळणारी प्रणालीच खुद्द एका खिडकीत चालविता येते, कारण तिला बाहेरच्या जगातला फरक कळण्याचे कारणच उरत नाही. दूरच्या बलाढ्य यंत्रावर गणन करावयास गेलात, तर तुमचे टेबलावरचे कळफलक, ध्वनी, तबकडी हे सारे सामान बरोबर येते आणि तेथेही ओळखीच्या नावांनी उभे राहते. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर तिचा संसार चालतो तसे. ही प्रणाली बाजारात रुजली नाही. तिची कल्पना मात्र रुजली.

रुजली ती लिनक्सच्या भूमीत. २००२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.४.१९ या आवृत्तीत अल व्हिरो यांनी माउंट नामावकाश आणला. त्यास बोलावण्याच्या खुणेचे नाव नुसतेच ‘नवा नामावकाश’ असे आहे, कोणत्या गोष्टीचा ते त्यात नाही, कारण पुढे यंत्राचे नाव, प्रक्रियांचे क्रमांक, जाळे आणि वापरकर्ते या प्रत्येकाचे वेगळे नामावकाश निघतील हे तेव्हा मनात आलेले दिसत नाही. नव्या सोयीतली अडचण लवकरच जाणवली : खासगी झाड घेऊन बसलेल्या माणसास, मागाहून मुख्य झाडावर चढविलेला पेन ड्राइव्ह दिसेच ना. संपूर्ण एकत्र आणि संपूर्ण विभक्त यांच्यामध्ये काही तरी हवे होते. २००६ च्या आरंभी ‘सामायिक उपवृक्षां’ची योजना आली आणि कोणत्या फांदीवरील घडामोड कोणाकडे पोचावी, कोणाकडून परत यावी, हे फांदीगणिक ठरविता येऊ लागले. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत विहीर सामाईक ठेवून शेत वाटून घेतात, तशी ही वाटणी. २०१३ च्या फेब्रुवारीत ३.८ या आवृत्तीबरोबर वापरकर्ता-नामावकाश पूर्णत्वास गेला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डॉकर जगापुढे आला. आज ज्यास कंटेनर म्हणतात, आणि ज्यात मोठमोठ्या सेवा चालतात, तो मुख्यतः या नामावकाशांची आणि साधनांच्या वाट्यांवरील मर्यादांची एक मोट आहे.

तबकड्यांविषयी इतके बोललो. उपकरणांची कथा अजून अपुरीच आहे, शास्त्रातही अपुरी आहे. फायलींच्या झाडास फांद्या फुटतात, पण कॅमेरा एकच असतो. लिनक्समध्ये उपकरणांचा सर्वसाधारण नामावकाश आजही नाही; परवानगीच्या मार्गानेच काम भागवावे लागते. पूर्वी ध्वनीच्या गटात ज्याचे नाव त्यास ध्वनिग्राहक सदैव खुला, अशी रीत होती, म्हणजे दूरवरून त्या यंत्रात शिरलेला त्या गटातील माणूस खोलीतले बोलणे ऐकू शके. आता सत्रांचा हिशेब ठेवणारी सेवा प्रत्यक्ष पडद्यासमोर जो बसला आहे त्याच्याच नावे कॅमेरा, ध्वनी आणि तत्सम साधने तात्पुरती लावून देते, आणि खुर्ची बदलली की काढून घेते.

विंडोजच्या दूरस्थ बैठकीत प्रश्न निराळाच उभा राहतो, आणि तो आपल्याकडे घरोघर पोचला आहे. सही करण्याचा डिजिटल डोंगल कचेरीतील यंत्रास लावून ठेवला, आणि संध्याकाळी घरून रिमोट डेस्कटॉपने त्याच यंत्रात शिरून सही करावयास गेले, तर डोंगल नाही असे यंत्र सांगते. डोंगल तेथेच आहे, त्याचा दिवाही लागलेला आहे. परंतु दूरस्थ बैठकीस स्मार्ट कार्ड दिसावयाचे ते बसणाराच्या हाताशी असलेले, दूरच्या यंत्राचे नव्हे, असा तेथे नियम आहे. डोंगल घरच्या यंत्रास लावला की तो बैठकीबरोबर आत जातो. मला हा नियम योग्य वाटतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने या सहीस हाताच्या सहीइतकी प्रतिष्ठा दिली आहे. ती सही जेथे माणूस तेथेच राहावी, तिने कचेरीत एकटीने रात्र काढू नये.

हे सारे सेलूसारख्या ठिकाणी बसून कशासाठी लिहावयाचे, असे एका स्नेह्यांनी विचारले. मी त्यांस म्हणालो की हा विषय मुळी आमचाच आहे. एक माणूस, एक यंत्र हे चित्र ज्या समाजात खरे आहे, त्यास खातेनिहाय जोडणी कळली नाही तरी चालते. आमच्याकडे संगणक ही बहुधा सामाईक वस्तू आहे : प्रशिक्षणकेंद्रात सकाळच्या तुकडीचा मुलगा ज्या खुर्चीवर बसतो तीवर दुपारी दुसरी मुलगी बसते, सेवाकेंद्रात एकाच यंत्रावर उत्पन्नाचा दाखला, पीकविमा आणि सातबाऱ्याचा उतारा निघतो, शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापक, लिपिक आणि परीक्षाविभाग एकाच पडद्यापुढे पाळीपाळीने येतात. आणि तरीही बहुतेक ठिकाणी खाते एकच असते, संकेतशब्द पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो, आणि सर्वांचे कागद एकाच ‘डी’मध्ये एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. लोकांस खासगीपणाची किंमत नाही म्हणून हे घडते, असे मी मानीत नाही. ज्या गावात किर्द कोणी पाहावी आणि तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी याचे शिरस्ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, त्या गावास हे समजावयास जड नाही. त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नाही, एवढेच.

भाषेविषयी दोन शब्द येथेच सांगून टाकतो. निजामी अमदानीत वाढलेल्या या मुलुखात दप्तर, फर्द, फेरफार, हद्द, मुखत्यार हे शब्द चुलीपर्यंत पोचलेले आहेत. मराठवाड्यातील जमिनीचा जुना पुरावा म्हणून आजही लोक खासरा पत्रक शोधीत फिरतात. नोंद कोणाच्या नावे, कोणाच्या हुकमाने, आणि नक्कल कोणास मिळेल, हा विचार या शब्दांच्या पोटातच आहे, म्हणून मी ते मोकळ्या मनाने वापरले. जेथे लोकांच्या तोंडी ड्राइव्ह, सर्व्हर, लॉगिन, माउंट हे शब्द बसले आहेत तेथे ते तसेच ठेवले. नामावकाशासारखे नवे शब्द अगदी थोडे, आणि तेही गत्यंतर नसेल तेव्हा.

पुस्तकाचा हेतू मर्यादित आहे. सर्व प्रणालींचा कोश करावयाचा नाही, आणि आज्ञांची यादी पाठ करून घ्यावयाची नाही. त्या आवृत्तीगणिक बदलतात. ‘हे नाव आत्ता कोणाच्या वहीतून सोडविले जात आहे’ हा एकच प्रश्न विंडोज आणि लिनक्स या दोन परिचित प्रणालींत, ड्राइव्ह, छपाई, ध्वनी, सही आणि रात्रीची नक्कल अशा रोजच्या कामांवर पुन्हा पुन्हा विचारून पाहावयाचा आहे. भ्रमणध्वनीवरील प्रणाली मी बाहेर ठेवल्या आहेत, कारण तेथे प्रत्येक अ‍ॅप हाच जणू वेगळा वापरकर्ता असतो आणि त्या विषयास स्वतंत्र पुस्तक हवे. मेघसेवांचा उल्लेख ओघाने येतो तेवढाच आहे. शाळेतील संगणकशिक्षक, सेवाकेंद्राचे चालक, पतसंस्थांतील आणि महाविद्यालयांतील तंत्रसाहाय्यक हे वाचक लिहिताना सतत समोर होते. आज्ञावली रचणारासही पुष्कळसे नवे सापडेल असा विश्वास वाटतो.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एक यंत्र घेऊन त्यावर दोन खाती काढावीत. एका खात्यात शिरून कोणतेही फोल्डर झेड या अक्षरास जोडावे, त्यात एक कोरी फाइल ठेवावी, आणि बाहेर न पडता दुसऱ्या खात्यात जाऊन झेड शोधावा. तो सापडणार नाही. मग तेथेही एक झेड जोडावा, निराळ्या फोल्डरास, आणि पुन्हा पहिल्या खात्यात परत येऊन आपली कोरी फाइल जागेवर आहे ना, ते पाहावे.

सेलू, जि. परभणी